कॅपिटॅलिझम आणि लाकडी बैल

हुडकेश्वर
पोळ्याच्या आदली संध्याकाळ

डॉक्टर म्हणाले होते, बाबांना बोलतं ठेवा. धंतोलीच्या दवाखान्यातून घरी आणल्यापासून तेवढंच करतेय. पण बोलू काय? आज कॉलेजात मी मुलांना शिकवलेलंच सांगत बसले. कॅपिटॅलिझम या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं 'डोकं' आहे, बाबा. गुरंढोरं हीच संपत्ती, ती डोक्यांवर मोजायचे. कॅटल हा शब्दही तिथलाच.

ऐकत तरी होते का? माझ्या लहानपणच्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल मांडीवर घेऊन त्याच्या खांद्याला हळद-लोणी चोळत होते. रामटेकला आपल्या जोडीला चोळायचे, अगदी तसंच. मग त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

आणि एकदम माझ्याकडे वळून, "डोकी काहून मोजन वं कोनी? नावं होती ना त्याईले. पाखऱ्या, बांड्या, चांद्या..."

चांद्या तर मीही विसरले होते. बैल विकून किती वर्षं झाली! मी हरखलेच. मूर्ख मी. वाटलं, बाबा परत आले. घाईघाईनं विचारलं, "आणखी कोणाची नावं आठवतात, बाबा?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. लाकडी बैल बाजूला ठेवला, हळदीचा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि मायेनं विचारलं, "तू कोनाची वं, बाई?"

'तुमचीच' एवढं तोंडातून का निघालं नाही? मी म्हटलं, "रामटेकची."

"मंग आपल्या गावचीच हायेस," म्हणाले, आणि पुन्हा बैलाचा खांदा चोळू लागले.