एर्मिनिओची हजेरी

१४ ऑक्टोबर, रविवार

बोलू दिलं नाही मला! भर ग्रामसभेत! हात वर करून उभी राहिले होते. एवढंच विचारायचं होतं, की झऱ्यावरून नवी पाइपलाइन येतेय ती शाळेपर्यंत का नाही? पोरं अजून बादल्या वाहतात. गावप्रमुख अबुंदिओकाका म्हणाले, "बसा बाई. तेकिओला येतात तेच सभेत बोलतात."

अहो, पण येऊ नकोस म्हणालं कोण? एर्मिनिओ गेला तेव्हा हेच काका दारात आले, टोपी काढून म्हणाले— "पोरी, नवरा गेला तुझा. आता तेकिओ तुला माफ. यायची गरज नाही." तेकिओ म्हणजे दर रविवारी घरटी एक माणूस गावाचं काम फुकट करतो, चर खणा, रस्ता दुरुस्त करा. त्यातून सुटले म्हणून मी रडत रडत आभार मानले त्यांचे! चार वर्षं झाली. गाढव मी.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

नववीला इंग्रजीत 'डोन्ट हॅव टू' शिकवलं. घसा बसला. गरज नसणं वेगळं आणि मनाई वेगळी, हे पोरांच्या डोक्यात शिरत नाही. 'मस्ट नॉट' म्हणजे करायचंच नाही. 'डोन्ट हॅव टू' म्हणजे करावं लागत नाही, पण वाटलं तर खुशाल कर, कोण अडवतंय! आम्ही स्पॅनिश बोलणारे दोन्ही एकाच गोणीत भरतो. जुनी खोड.

गृहपाठ दिला होता— घरात कोणाला काय करावं लागत नाही ते लिहा. निम्म्यांनी लिहिलं, आमच्या कोंबड्यांना शाळेत जावं लागत नाही. हसले. मग यादिराची वही. तिचा बाप सोडून गेलाय, आई एकटी.

"माझ्या आईला तेकिओला जावं लागत नाही. माझ्या आईला सभेत बोलावं लागत नाही. माझ्या आईला मत द्यावं लागत नाही."

एकही चूक नाही. दहापैकी दहा दिले. मग दुपारभर डोकं भणभणत राहिलं.

एर्मिनिओची कुदळ शोधली. दांडा हलत होता, पाचर मारली. रविवारी जाणार. कोण अडवतंय बघू!

२१ ऑक्टोबर, रविवार

गेले! सकाळी सातला झऱ्यावर हजर. सगळे पुरुष माझ्याकडे असे बघतायत, जणू चर्चमध्ये पाद्र्याच्या जागी बकरी मिसा म्हणायला उभी राहिली. एक जण म्हणाला, "बाई, चुली तिकडं आहेत." बायका तिकडं कॉफी उकळतात, मक्याच्या तोर्तिया भाजतात. "कॉफी पिऊन आलेय," म्हटलं आणि चरात उतरले.

हजेरीची वही फिदेन्सिओकडे. माझाच जुना विद्यार्थी, इंग्रजीत तीनदा नापास. "बाई, तुम्हाला गरज नाही हो."

"माहीत आहे. लिही."

लिहिलं बापड्यानं काहीतरी. असे तीन रविवार भरले की नोव्हेंबरच्या सभेत नाव पुकारतात. नाव पुकारलं की बोलायचा हक्क. तीनच रविवार!

सासूबाई कडाडल्या— "मास्तरीण असून हमाली! माझ्या लेकाची इभ्रत घालवलीस." तरी फोडांवर लावायला ताटाशेजारी चरबी ठेवली होती.

२८ ऑक्टोबर, रविवार

दुसरा झाला. पाठ कामातून गेली. उत्तरेकडे अमेरिकेत गेलेले आपल्या जागी दुसऱ्याला उभं करतात, त्यांची हजेरी बिनबोभाट लागते. मी अख्खी उभी असते तरी पुटपुटतात. पुटपुटा!

२ नोव्हेंबर, शुक्रवार

मृतांचा सण, गेलेली माणसं आज घरी जेवायला येतात. एर्मिनिओसाठी मोलेचा रस्सा केला, शेजारी मेस्काल दारूचा पेला, त्याची टोपी. सासूबाईंनी त्याची खुर्ची दोनदा पुसली. "आलाय," म्हणाल्या. आला असेल. मी त्याला हळूच सांगितलं— तुझी कुदळ वापरतेय, रागावू नकोस.

आठवण आली फार.

४ नोव्हेंबर, रविवार

तिसरा! मोठा धोंडा आडवा आला. अबुंदिओकाका स्वतः पहार घेऊन ओरडले, "जोर लावा बाई!" पहिल्यांदाच कोणी घरी जा म्हणालं नाही. इतका आनंद झाला मला!

आणि मग ती वही. फिदेन्सिओ कॉफीला गेला, वही दगडावर. उघडली. तिन्ही रविवारी खुणा बरोबर. आणि नाव? एर्मिनिओ येस्कास.

माझा नवरा! चार वर्षं मातीत आहे आणि तीन रविवार चर खणतोय!

धरला फिदेन्सिओला. म्हणे, "बाई, हजेरी घरातल्या कर्त्याच्या नावावर लागते. ते नाव खोडायला घरातल्या थोरल्याचा, म्हणजे त्याच्या आईचा अंगठा हवा. मी विचारलं, आजी नाही म्हणाल्या. तुम्ही सभेत त्याच्या नावाला 'हजर' म्हणा ना. बदलायची काय गरज?"

पुन्हा गरज नाही! हा शब्द ऐकला की आता अंगाची आग होते.

५ नोव्हेंबर, सोमवार

सासूबाईंना विचारलंच. तव्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "हो, मी नाही म्हटलं. एका लेकाला किती वेळा मारू? वहीत उरलाय तेवढा तरी राहू दे."

मला राग आला आणि रडूही आलं. दोन्ही एकदम. म्हटलं, "आई, माझे हात बघा. हे त्याचे नाहीत, माझे आहेत."

बघितलं नाही. "तुझे सासरे गेले तेव्हा मलाही बत्तिसाव्या वर्षी माफ केलं होतं. बसले गुमान घरी. मेले का?"

दोघी जेवलो नाही. घेवडा भांड्यातच राहिला.

११ नोव्हेंबर, रविवार

सभा. "एर्मिनिओ येस्कास!" सगळ्यांच्या माना माझ्याकडे. एक 'हजर' म्हटलं असतं तर शाळेच्या पाण्याचं विचारता आलं असतं. पण नाही आलं तोंडून!

उभी राहिले. "तो वारला. खांदा तुम्हीच दिलात, काका. चर मी खणला. मी रेइनाल्दा मान्सानो. माझं नाव पुकारा."

काका टोपी फिरवत राहिले. "वहीत हे नाव नाही, पोरी."

"मग लिहा."

"आईचा अंगठा आण, लिहितो."

फिदेन्सिओनं खाली मान घालून गैरहजर लिहिलं. तीन रविवारांची माती झाली. होऊ दे! मेलेल्याच्या नावानं हजर राहण्यापेक्षा माझ्या नावानं गैरहजर बरी. पुढच्या रविवारी पुन्हा जाणार, त्याच्याही पुढच्या.

दाराबाहेर बायकांत सासूबाई उभ्या होत्या. सगळं ऐकलं त्यांनी.

१२ नोव्हेंबर, सोमवार

तास चालू असताना फिदेन्सिओ वही घेऊन वर्गात आला. एर्मिनिओच्या नावावर आडवी रेघ, शेजारी शाईचा अंगठा. खाली माझं नाव, पूर्ण. त्याच्याखाली आणखी एक— सेलेरिना बाउतिस्ता, वय चौऱ्याहत्तर. "मी म्हटलं, आजी, तुम्हाला गरज नाही," फिदेन्सिओ म्हणाला, "तर म्हणाल्या, लिही गाढवा!"

घरी पळत आले. सासूबाई अंगणात मांडी घालून बसलेल्या, मांडीवर सासऱ्यांचं गंजलेलं फावडं. वर न बघताच म्हणाल्या, "कुदळीला ती पाचर कशी मारलीस, दाखव."