हळदीत माइक हातात घेणाऱ्या बाबाला

बाबा, मी सध्या कल्याणला मैत्रिणीकडे आहे. किती दिवस, ते विचारू नकोस. तू असतास तर म्हणाला असतास, 'पायांना भिंगरी हाय का गो तुझ्या?' आज सकाळपासून तुझं ते वर्ष डोक्यात आहे. पिऊन टेम्पो चालवताना पकडला गेलेलास. कुणाला लागलं नव्हतं, ते नशीब. कोर्टाने तुरुंगात न धाडता बॉन्डवर सोडलं: वर्षभर दारूला शिवायचं नाही, दर महिन्याला ठाण्याला प्रोबेशनच्या मॅडमसमोर हजर व्हायचं. अट मोडली की सरळ आत. लायसनपण गेलेलं, म्हणून आपल्याच टेम्पोत तू क्लीनरच्या जागेवर बसायचास, पगारी ड्रायव्हरला 'डावीकडे घे रे' सांगत. मॅडमकडे निघताना लग्नातला शर्ट घालायचास, इस्त्री करून. मी शाळा बुडवून सोबत यायचे, कारण परतताना टेंभी नाक्यावर कुल्फी मिळायची. तिथे दहीहंडीला एकदा मी हरवलेले, आठवतं? जाऊ दे, भरकटले.

तर त्याच वर्षी आत्याच्या पोरीची हळद. तू मामा. आपल्या कोळीवाड्यात हळदीला मामाने ग्लास नाकारला की अख्खा मांडव रुसतो. आत्या तुझ्या कानाला लागली, "दादूस, उपास हाय सांग, सुटशील." तू नुसती मान हलवलीस. तेवढ्यात आत्याचा नवरा ग्लास घेऊन तुझ्या तोंडाशी, मागे चारजण, "घे रं, कोन बघतंय हितं!" तुझा हात वर जातो. मला वाटतं, आता बाबा जेलात. पण तू ग्लास बाजूला सारून डीजेवाल्याचा माइक ओढून घेतोस. गाणं बंद.

"ऐका रं! दारू पिऊन टेम्पो चालवला म्हनून कोर्टानं मना अटीवर सोरलंय. आता जो गलास देल, त्यानंच रोज तुरुंगात माझा डबा आनायचा. म्हावऱ्याचा!"

मग लग्नाची गाणी, धवला गाणारी म्हातारी ओरडली, "मेल्यांनो, त्याला सोरा, नाचा!" अख्खा मांडव हसला. त्या दिवशी सगळ्यात जास्त तूच नाचलास, कोरडा.

वर्ष संपलं. मॅडम म्हणाल्या, "झालं, आता यायची गरज नाही." बाहेर आल्यावर मी विचारलं, "आता पिणार?" "आता कोर्ट नाय मधी," म्हणालास, "आता मनाच 'नाय' बोलायला लागंल." आणि जाईपर्यंत 'नाय' बोलत राहिलास. तेही कुणाला तोंड न चुकवता.

हा कागद माझ्या बॅगेतच राहणार, दुसरीकडे कुठे जाणार? मी गावोगाव फिरते, बाबा. कुणाच्या गच्चीवर, कुणाच्या तंबूत ग्लास पुढे येतो. मला नको असतो. तरी मी अजून 'गोळ्या चालू आहेत' असंच सांगते.