हात सोडले की सरळ होणारं विमान

प्रिय शालकराज यांस, वयाने मोठा असल्याचा फायदा घेऊन अनेक आशीर्वाद.

टक्, टक्, टक्! आमचे मास्तर अंगठीने टेबलावर ठेका धरायचे आणि सगळा वर्ग कविता म्हणायचा. तो आवाज अजून कानात घुमतो. (बायकोच्या हाका मात्र ऐकू येत नाहीत, असं तुझ्या ताईचं म्हणणं.) तुझा गुडघा कसा आहे? ताई तुझ्या शुश्रूषेला तिकडे गेल्यापासून घर शांत आहे. म्हणजे काल दुपारपर्यंत होतं.

माझं रिमोटवर उडणारं शिकाऊ विमान फार गुणी रे. गांगरलो की रिमोटवरून बोटं काढायची, डोळे मिटायचे आणि मास्तरांच्या कवितेचं एक कडवं म्हणायचं. कडवं संपेपर्यंत ते आपणहून सरळ झालेलं असायचं. आता नवं, वेगाचं घेतलंय. सडपातळ, कोलांट्या मारणारं. आमचे उड्डाणगुरू निवृत्त दंतवैद्य आहेत. ते म्हणाले, "अहो, जुनं तुमचे लाड करत होतं. हे नाही करणार. उलटं केलंत तर उलटंच राहील." मी "हो हो" म्हटलं. (उत्तराकडे लक्ष द्यायची त्यांना सवय नाही. समोरच्याच्या तोंडात हात घालून प्रश्न विचारण्यात जन्म गेला.)

काल एकटाच समोरच्या मैदानावर गेलो. काय झेप घेतली म्हणून सांगू! या वयात मान वर करून बघावं असं दुसरं काय उरलंय? पाण्याच्या टाकीपाशी ते उलटं झालं. मी गांगरलो. बोटं काढली, डोळे मिटले, कडवं धरलं. दुसऱ्या ओळीला एक डोळा उघडला, तर विमान तसंच उताणं, मोठ्या समाधानाने आमच्या इमारतीकडे निघालेलं. (कडवं लांबलचक आहे असं आयुष्यात प्रथमच वाटलं.) तिसरा मजला, आमचाच चौकड्यांचा पडदा, उघडी खिडकी... मग काचेच्या कपाटाचा आवाज. वॉचमन म्हणाला, "काका, तुमच्याआधी तेच घरी पोचलं!"

विमानाला फक्त ओरखडा आहे. सासूबाईंनी दिलेल्या कपबशांपैकी एक कान शाबूत आहे. आणि ताई जाताना बजावून गेलीय, "घरातलं एक भांडं जरी फुटलं, तर सगळी विमानं भंगारात!" ती बोलते ते करते. लहानपणी तुझ्या पतंगांचं काय केलं, तूच जाणतोस.

तुझाच,
जमिनीवर आलेला मेहुणा

ता. क. – सासूबाईंनी तुम्हा दोघा भावंडांना कपबशांचे सारखेच संच दिले होते, नाही का? तुझा गुपचूप पाठव. आणि ताईला आठवडाभर ठेवून घे. गुडघा जास्त दुखतोय म्हण.

ता. क. २ – बेल वाजली. दाराच्या भिंगातून पाहिलं, तर साक्षात तूच, हातात ताईची बॅग! खालून तिचा टॅक्सीवाल्याशी चाललेला वाद ऐकू येतोय. हे पत्र दाराखालून सरकवतोय. वाच, पण आधी लिफ्टचं दार उघडं धरून ठेव, लिफ्ट खाली जाता कामा नये.