पंख्याचा खटका

बाबा,

ट्रकसाठी मी जंप स्टार्टर घेतला. तुमच्या वेळी असलं काही नव्हतं, म्हणून आधी ते काय असतं ते सांगते. जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी, तिला दोन जाड वायरी आणि वायरींच्या टोकांना दात असलेले चिमटे. बॅटरी बसली की चिमटे लावायचे, चावी फिरवायची, आणि पेटीतल्या करंटवर इंजिन सुरू होतं. शेजारी दुसरी गाडी आणून उभी करायला नको, की 'जरा हात लावा रे' म्हणून जेट्टीवरची माणसं गोळा करायला नकोत. तुम्ही आधी नाक मुरडलं असतंत आणि मग चार दिवस सगळ्या मार्वेला तीच पेटी दाखवत फिरला असतात. मी काय तुम्हाला ओळखत नाही? पण ती का घेतली, ते मी बॅटरीवाल्याला खरं सांगितलेलं नाही, ड्रायव्हरलाही नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत मी तुमच्याबरोबर ट्रकमध्ये यायची. सकाळी कारखान्यात बर्फाच्या लाद्या भरायच्या, वर भुसा आणि ओली गोणपाटं टाकायची, अर्धा माल मार्वेच्या बोटीवाल्यांना उतरवायचा आणि उरलेला ऊन कलल्यावर मालाडच्या मासळी बाजारात न्यायचा. मधली दुपार तुमच्या झोपेची. सीटवर आडवे, पाय खिडकीबाहेर, तोंडावर ओला पंचा आणि डोक्याशी तो हिरव्या पात्यांचा छोटा पंखा. एकदा बॅटरी बसेल या भीतीने मी हळूच खटका दाबून तो बंद केला. पंचा तुमच्या तोंडावर तसाच आहे, त्याखालून आवाज येतो, "माझो पंखो कोणी बंद करूचो नाय. मी उठलंय की मीच करतलंय." मी घाईघाईने पंखा परत लावते आणि रडू येऊ नये म्हणून मनोरीला जाणारी फेरीबोट बघत बसते. नंतर उठून तुम्ही स्वतः खटका बंद केलात आणि बर्फाचा एक तुकडा फोडून माझ्या हातात दिलात. तेवढ्यावर माझा राग गेला.

तुम्ही गेलात तीही दुपारच होती. तीच जागा, तोच पंचा. बोटीवाल्या मावशी दुसऱ्या दिवशीच्या बर्फाचं सांगायला आल्या, हाक मारली, परत मारली. तुम्हाला ट्रकनेच हॉस्पिटलमध्ये न्यावं म्हणून कोणीतरी चावी फिरवली, तर आतून नुसतं टक् टक्. मग सगळी जेट्टी ट्रकला धक्का द्यायला लागली, तेवढ्यात रिक्षा मिळाली. मी पोचले तेव्हा तुम्हाला नेलं होतं. केबिनचं दार सताड उघडं, सीटवर पंचा, आणि पंखा अगदी हळू, दमल्यासारखा फिरत होता. तो बंद करावा असं मलाही वाटलं. पण नियम माहीत असलेली तिथे मी एकटीच होते, आणि मी तो पाळला. करंट पार संपला तेव्हा पाती आपोआप थांबली.

तो ट्रक भंगारात गेला, पंखा मात्र मी काढून ठेवला. नवा ट्रक घेतला तेव्हा डॅशबोर्डच्या कोपऱ्यात तोच बसवून घेतला. मधली कितीतरी वर्षं मी बर्फ मालाड आणि बोरिवलीलाच दिला. मार्वेचं नाव निघालं की मी विषय बदलायची. यंदा त्याच मावशींनी निरोप धाडला, की तुझ्या बापाची फेरी तू चालव, आम्हाला नेमाने येणारा ट्रक हवा. मी हो म्हटलं. पहिल्याच दुपारी माल उतरवला, ड्रायव्हर जेवून आला, चावी फिरवली आणि तेच टक् टक्. केबिनमध्ये पंखा फिरत होता. मी ड्रायव्हरला फाडून खाल्लं. तो बिचारा गळ्याला चिमटा घेऊन म्हणाला, "ताई, आईशप्पथ, मी हात पण नाय लावला. मला तर त्या फॅनचं वारं पण नको वाटतं." बॅटऱ्या नव्या टाकल्या. पुढच्या वेळी तेच, त्याच्या पुढच्या वेळीही तेच. मालाडला, बोरिवलीला कधी काही होत नाही. शेवटी मावशींनीच सुनावलं, "तुझ्या बापाची फेरी म्हणून तुला बोलवलं गं. पण परत गाडी अशी रस्ता अडवून बसली ना, तर आम्ही दुसऱ्याचा ट्रक लावू. मासळी काय थांबत नाय." मालाडचा बर्फ तोवर मागच्या फाळक्यातून वितळून रस्त्यावर आला होता. तुमची फेरी माझ्या हातून जाणार, एवढंच मला दिसत होतं.

म्हणून एका दुपारी मी स्वतःच केबिनमध्ये पहारा दिला. ड्रायव्हरला जेवायला पाठवलं, दारं आतून लावली, पंखा बंद आहे हे बोटाने चाचपून पाहिलं आणि खटक्यावर नजर ठेवून बसले. बाहेर लख्ख ऊन होतं, पोरंटोरं ओरडत होती, फेरीबोटीवर स्कूटर चढवणाऱ्यांची भांडणं चालली होती. भुतंखेतं आठवावीत अशी ती वेळच नव्हती. बोट सुटली तशी मी क्षणभर तिकडे बघितलं. मानेवर वारा लागला. वळले तर पंखा फिरत होता आणि खटका दाबलेला होता, पण तो दाबल्याचा आवाज मी ऐकला नव्हता. मग वास आला. ओल्या भुशाचा. हल्ली बर्फावर भुसा कोणी टाकत नाही बाबा, आम्ही प्लास्टिक आणि थर्माकोल वापरतो. शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघायची हिंमत होईना, तरी मी "बाबा?" म्हटलं. पाती फिरतच राहिली. बंद करायला मी हात पुढे केला, तो पंख्यापर्यंत गेला आणि तिथूनच मागे घेतला.

दिंडोशीच्या बॅटरीवाल्याने सगळं वायरिंग तपासलं. कुठेही करंट गळत नव्हता. "आणि एवढ्याशा फॅनने नव्या बॅटऱ्या दुपारभरात बसत नाय ताई, कोणी काय पण सांगू दे," तो म्हणाला. मग त्याने एक चकती दाखवली. "हा कट-ऑफ लावा. गाडी उभी केली की फिरवायचा, बॅटरी तुटली, विषय खल्लास. मग फॅन काय, पार्किंगचा दिवा पण लागणार नाय."

"नको," मी म्हटलं. "खाऱ्या हवेत गंजतो तो. मला जंप स्टार्टर दाखव."

"रोज जंप मारणार? यार ताई, ताप आला म्हणून काय रोज इंजेक्शन घेता काय?"

मी ऐकेना म्हटल्यावर त्याने पेट्या मांडल्या आणि मला शिकवलंही. ट्रकला दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट होतात, तेव्हा कारवाल्यांची बारा व्होल्टची पेटी इथे कुचकामी. दोन्ही चालणारी घेतली तर बटण आधी चोवीसवर आहे ना ते बघायचं, मगच चिमटे लावायचे. खोक्यावर छापलेला मोठा आकडा क्षणभराच्या झटक्याचा असतो, त्याला भुलायचं नाही. डिझेलचं जड इंजिन फिरवायला काही सेकंद टिकणारा जोर लागतो आणि तो आकडा मागे बारीक अक्षरांत दडवलेला असतो. चिमटे तांब्याचे हवेत, वायर लांब हवी, आणि घाईत उलटसुलट लागले तर पेटीने करंटच सोडू नये अशी सोय हवी. उन्हात केबिनमध्ये ठेवायची नाही, आतली बॅटरी फुगते. धक्का मारायचा तर विचारही करायचा नाही, नव्या गाडीच्या सेन्सरची वाट लागते. मी सगळं ऐकून घेतलं आणि त्यातली सगळ्यात दणकट पेटी उचलली. तो अजून मान हलवत होता.

आईने पेटी बघितली आणि विचारलं हे कशाला. तिच्यापाशी मला कधी खोटं जमत नाही. पंख्याचं सगळं सांगितलं. वाटलं, रडेल, नाहीतर देवाला गाऱ्हाणं घालायला गावी गुरवाला फोन लावेल. ती तांदूळ निवडत होती, तशीच निवडत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ते अजून उठूक नाय." थोड्या वेळाने म्हणाली, "बंद करू नको हां गो. निजलेल्या माणसाक असो उठवतत काय?" मला ती पेटी नेमकी कशासाठी हवी होती, ते मला स्वयंपाकघरात तेव्हा उमगलं. तुमचा पंखाही चालावा आणि ट्रकही निघावा. कट-ऑफच्या गंजाचं मी बॅटरीवाल्याला दिलेलं कारण साफ खोटं होतं. ती चकती फिरवून माझ्याच हाताने तुमचा वारा तोडणं मला जमलं नसतं.

आज पेटी घेऊन मार्वेला आले. माल उतरला, ड्रायव्हर जेवायला गेला. मी पेटी काखेत धरून केबिनचं दार उघडलं आणि आत बघितलं, तर पंखा थांबलेला. सीटवर बसून वाट बघितली. फेरीबोट मनोरीला जाऊन परत आली. वारा नाही, भुशाचा वास नाही, नुसता डिझेलचा आणि रेक्झिनचा वास. चावी फिरवली तर पहिल्या फटक्यात इंजिन सुरू झालं. मावशी लांबून ओरडल्या, "झकास! बरी झाली गं तुझी गाडी!" मी हात केला. तुम्ही उठलात, बाबा. उठल्यावर मीच बंद करीन म्हणाला होतात, तसा केलात. फेरी वाचली, ट्रक वाचला, मला हायसं वाटायला हवं होतं. पण खरं सांगते, तुम्ही गेलात त्या दिवशीही मला इतकं पोरकं वाटलं नव्हतं.

इंजिन बंद करून इथेच केबिनमध्ये बसून हे लिहितेय. ड्रायव्हर येताना दिसला की घडी घालून पर्समध्ये टाकीन, दुसरीकडे कुठे टाकणार? पेटी अजून खोक्यातच आहे. घरी गेल्यावर आई विचारेल, पंखा चालू होता काय गो, आणि मी हो म्हणणार आहे. ते खोटंही नसेल. माझ्या मानेवर आत्ता वारा येतोय, हिरवी पाती फिरताहेत. फक्त आज खटका मी दाबला, एवढं तिला सांगणार नाही.