रंगूचे शब्द

१२ जून १९९६, कळस
"त्ये द्या." कसलं त्ये? बायकोनं बोट दाखवलं. उलथनं! चाळीस वर्षं भाकऱ्या भाजतेय, आणि रंगुबाईंना उलथन्याचं नाव आठवेना. म्हटलं, "आधी नाव सांग, मग देतो." नुसती उभी. भाकरी करपली.
हेडमास्तराची बायको — आणि बोलणं बालवाडीचं.

१९ जून
कुदळीला "खणायचं". मांजराला "म्याव". निव्वळ आळस. रिटायर झाल्यापासून माझ्या हाताखाली एकच विद्यार्थी उरलाय, तोही ढ. रोज सकाळी दहा वस्तूंची नावं घोकून घेतो. आज चार आली.

३ जुलै
करुणा आली. बारामतीला नर्स आहे, त्यामुळे शहाणपण फार. "आबा, आईला पुण्याला दाखवू." दाखवा.

११ जुलै, पुणे
मेंदूचा फोटो काढला. डॉक्टर म्हणजे कालचं पोर. हिला घड्याळ दाखवलं. "वेळ… बघायचं," ही म्हणाली. तो म्हणे, छान! माझ्या वर्गात भोपळा मिळाला असता.
मला बाजूला घेऊन सांगितलं, मेंदूत भाषेचा भाग डावीकडं असतो, तो झिजत चाललाय. "त्यांना सगळं समजतं, सर. शब्द तेवढा सापडत नाही. औषध नाही यावर. चुका काढू नका, थांबा जरा."
पस्तीस वर्षं पोरांच्या चुका काढल्या. हा मला शिकवणार.

२ ऑगस्ट
माझ्याच शाळेतले सावळाराम मास्तर आले होते. त्यांच्यादेखत ही मला विचारते, "गरम पाणी… लाल… करू?" चहा म्हणायचं होतं. मास्तर खाली बघत बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
ते गेल्यावर सांगून टाकलं — नीट बोलता येत नसेल, तर तोंड उघडू नकोस.

९ ऑगस्ट
घोकंपट्टीला बसवलं. वस्तूंकडं बघत राहिली. दहापैकी शून्य.

१४ ऑगस्ट
बारा दिवस एक शब्द नाही. डॉक्टर खरं बोलत होता म्हणायचं. करुणाला पत्र टाकलं — तुझ्या आईची वाचा गेली.

१७ ऑगस्ट
वाचनालय बंद निघालं, लवकर परतलो. मागच्या अंगणात शेजारच्या शकुबाई मटकी निवडत होत्या. शेजारी रंगू. बोलत होती.
"त्ये… काळं… भरून आलं."
"आभाळ व्हय?"
"व्हय. आभाळ." दोघी हसल्या.
मी दार उघडून अंगणात आलो. रंगू गप्प झाली.