धुऱ्यावरचं गवत आणि समुद्रातलं

मंडपम, २ मार्च २०१२

तीर्थरूप वामनकाकांना दामिनीचा शि. सा. न.

फोनवर रडू फुटेल, म्हणून पत्र. बाबांच्या जागी तुम्हीच, तेव्हा तुम्हालाच सांगते. मला इथल्या माणसांची किळस आली आहे.

मी ज्या समुद्रगवतावर काम करते, ते एका नव्या रिसॉर्टसमोर आहे. पाहुण्यांच्या पायांना बुळबुळीत लागतं, म्हणून मालकाला ते उपटून हवंय. त्याच्याच संडासाचं पाणी समुद्रात सुटतं, त्यावर शेवाळ माजतं, गवताला ऊन मिळत नाही. अर्धं असंच मेलं, आणि घाण म्हणे गवताची.

काका, हे गवत पाण्याचा जोर मोडतं. वाहून आलेला पाचोळा, स्वतःची मेलेली मुळं, सगळं खालच्या गाळात धरून ठेवतं. तिथे हवा पोचत नाही म्हणून ते सहसा कुजत नाही. हवेतून घेतलेला कार्बन असा शेकडो वर्षं पुरलेला राहतो. गवत गेलं की लाटा गाळ उकरतात आणि पुरलेलं पुन्हा हवेत जातं. आपण शेताच्या बांधावरचं गवत, धुरा, पेटवतो तेव्हा जातं तसंच.

आमच्या संस्थेचे सर म्हणतात, उपटल्याने काही बिघडत नाही असं लिहून सही कर, नाहीतर घरी जा. काय करू?

रागावलात तरी माया पातळ करू नका.

आपली दामिनी

तिवसा, १२ मार्च

चि. दामिनीस अनेक आशीर्वाद.

हसावं की रडावं कळेना. गवत उपटण्यात आमच्या पिढ्या गेल्या आणि तू गवतापायी नोकरी घालवणार. कपाशीने यंदाही दगा दिला. सही कर आणि गप्प राहा.

चैत्रात तुझ्या लग्नाचं बोलायला चांदूर रेल्वेचे पाहुणे येत आहेत. तुला ठाऊकच आहे, शेत पाहिल्याशिवाय ते सोयरीक जोडत नाहीत. धुरे पेटवून शेत आरशासारखं करतो. काकू म्हणते, पोरीला फार बोलू नका, म्हणून आवरतो.

तुझा काका

मंडपम, २७ मार्च

तीर्थरूप काकांना शि. सा. न.

मी सही केली नाही. दुसऱ्याने केली. काल निंदणाला लावतात तशा बाया ओळीने लावून गवत मुळासकट उपटलं, वर दाताळं फिरवलं. पाणी काळं झालं, नासक्या अंड्यांचा वास सुटला आणि पाहुणे नाक धरून पळाले. मालक शिव्या आम्हालाच देत होता. नुसती शिसारी आली.

माझं काम गेलं. चांदूरच्या पाहुण्यांना एवढ्यात सांगू नका. तुमचा शब्द मोडला, तरी दार उघडं ठेवा.

दामिनी

तिवसा, ८ एप्रिल

चि. दामिनीस आशीर्वाद.

पाहुणे येऊन गेले. धुरे मी पेटवलेच नाहीत. काडी घेऊन गेलो होतो, पण तुझं पहिलं पत्र डोक्यातून जाईना, म्हणून आधी फावडं मारलं. गवताखालची माती या उन्हातही गार, काळी, मुळांनी घट्ट धरलेली. मग शेजारच्या शेतातला, श्रावणने दरसाल जाळलेला धुरा खणला, तर नुसती ढेकळं. सात पिढ्यांच्या कास्तकाराला हे आत्ता कळावं, याची लाज वाटली.

मुलाच्या बापाने गवत पाहून तोंड वाकडं केलं. म्हणाला, आळशाचं घर दिसते. मी म्हटलं, आमच्या पोरीनं गवतापायी नोकरी सोडली, मी ते कावून, कशापायी जाळू? तू सांगू नको म्हटलेलं सगळं सांगून बसलो. चहा न घेताच ते उठले.

तो चहा मी आणि तुझ्या काकूने धुऱ्यावर बसून घेतला. बरं झालं, माझं ऐकलं नाहीस.

गाडी कळव. बडनेऱ्याला मी येतो.

तुझा काका