लग्नातला श्वास

स्फाक्स
मंगळवार, १३ जून

प्रिय खद्दूजाताईस,

धाकट्याचा सलाम. तुझ्या हातावर ओठ टेकवतो. बेटावर सगळे खुशाल असाल. वाळवलेले ऑक्टोपस आणि तेलाचा डबा पोचला. तुझ्या भावजयीनं, नबीहानं, शुक्रवारी कुसकुस केला. तुझ्यासारखा जमला नाही, असं मी बोलून गेलो आणि शनिवारी मला उकडलेल्या अंड्यावर भागवावं लागलं.

तू बोटीवरच्या मुरादला विचारलंस म्हणे, फरजानी रुसलाय का, फोनवर दोन शब्द बोलतो आणि ठेवून देतो. रुसलो नाही गं. ऑलिव्हच्या झाडांची वाटणी तर माझ्या डोक्यातही नाही. माझ्याच्यानं सलग बोलवत नाही आणि खोकला आला की तुला ऐकू जाऊ नये म्हणून मी फोन ठेवतो. पत्र लिहिताना दम लागत नाही.

आपल्याकडे ज्याचं नाव घेत नाहीत, तोच आजार आहे. डाव्या फुप्फुसात, हृदयाला अगदी लागून. मार्चपासून ठाऊक आहे. नबीहाला मी शपथ घातली होती, तेव्हा तिला बोल लावू नकोस. आधी बस आणि पुढचं वाच. सगळं वाईट नाही.

इथल्या इस्पितळात शिराज नावाची मुलगी आहे. डॉक्टर नाही, भौतिकशास्त्र शिकलेली, तुझ्या नाजेमच्याच वयाची. गाठीवर किरणं सोडण्याआधी ती प्रत्येकाचं फुप्फुस कॉम्प्युटरवर उभं करते, श्वासाबरोबर हलणारं. गाठ काही एका जागी बसत नाही, श्वास घेतला की खाली जाते, सोडला की वर येते. ती केव्हा कुठे असेल, हे मशीनला त्यावरून कळतं. त्यासाठी पोटाला पट्टा बांधून मला आडवं केलं आणि घरी घेता तसा श्वास घ्या म्हणून सांगितलं.

आता तूच सांग. काचेपलीकडून तीन पोरी बघताहेत आणि आपल्या करकेन्ना बेटावरच्या सगळ्या वरातींत चाळीस वर्षं झुक्रा फुंकलेल्या माणसानं त्यांच्यापुढे धापा टाकायच्या? मी झुक्रा ओठांना लावल्यासारखा श्वास घेतला, लांब, संथ, खोकला गळ्यातच दाबून. पोरींना काही कळलं नाही. मी तोऱ्यात उठलो आणि आपण कोण ते शिराजला सांगूनही टाकलं.

पहिल्या दिवशी किरणांच्या आधी त्यांनी फोटो काढला. तो तिच्या चित्राशी जुळेना. तिनं सगळं थांबवलं. मी भडकलो, नको ते बोललो, तुमचं यंत्र भंगारात घाला म्हणालो. तिनं ऐकून घेतलं आणि बाहेर बाकावर माझ्याशेजारी येऊन बसली.

"काका, घरी पलंगावर पडता तेव्हाही असाच श्वास असतो?"

"असाच."

"मशीनला मी तुमचा श्वास शिकवते. तुम्ही तिला लग्नातला शिकवलात. आज थांबले नसते, तर गाठ राहिली असती बाजूला आणि किरणं गेली असती हृदयात."

चूक माझी होती आणि ऐकून तिनं घेतलं होतं.

पुन्हा पट्टा बांधला. या वेळी जसा येतो तसा येऊ दिला, तुटका, अडकणारा, खोकल्यानं फाटलेला. लाजेनं मी डोळे मिटून घेतले. ती जवळ येऊन म्हणाली, "हाच हवा होता, काका. याच्यावर मला काम करता येईल." ताई, लोकांनी आजवर माझ्या मोठ्या दमाला दाद दिली. हा फाटका श्वास कुणी मागून घेतला नव्हता. मला रडू आलं, आणि मग सगळं तिसऱ्यांदा करावं लागलं, कारण रडताना गाठ भलतीकडेच जाते.

पाच दिवस ती त्यावर बसून होती. आज बावीस वेळा किरणं घेऊन झाली, एकदाही थांबावं लागलं नाही. गाठ आक्रसतेय, असं डॉक्टर म्हणतात. अल्लाचे उपकार, आणि त्या पोरीचे. नबीहानं तिला खजुराचे मक्रूद करून दिले, आणि ते मात्र झकास झाले होते.

आता जे लिहायचं टाळत होतो ते. नाजेमच्या लग्नात मी वाजवणार नाही. तू सगळ्या गावाला सांगून बसली आहेस, ठाऊक आहे मला. पण गाठ गेली तरी झुक्रा पुन्हा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. साह्बीच्या ताफ्याला बोलवा. उंच सुरावर तो कचरतो, पण दम आहे. मी तुझ्याशेजारी बसून त्याच्या चुका तुझ्या कानात सांगेन.

पुढच्या गुरुवारी शेवटची किरणं. सकाळच्या बोटीनं ये. इस्पितळाच्या दारापासून टॅक्सीपर्यंत दोनशे पावलं आहेत आणि मी वाटेत तीनदा थांबतो. नबीहा बरोबर असली की दुकानं बघितल्याचं सोंग करतो. तुझ्याबरोबर करणार नाही. तूही पुढे जाऊ नकोस.

तुझा, थांबत थांबत येणारा,
फरजानी